भगवंतरावांच्या वखारीचं लोखंडी दार

शालिकरामानं अमरावतीच्या वखारीला घराला बसवतात तसं, आत उघडणारं दार बसवलं. दार अस्सल लोखंडाचं, बाजारात मिरवावं असं. मग आढ्यापर्यंत कापूस भरून त्यानं ते ओढून लावलं, आणि आतला ढीग घसरून दाराला टेकला. अकोल्याला जायच्या गाड्या येऊन उभ्या राहिल्या तेव्हा बाहेरून चार गडी ढकलत होते, आतून कापूस ढकलत होता. कापूस जिंकला. शेवटी कवेलू काढून माल छपरातून उपसावा लागला, आणि जत्रेला यावं तसा बाजार पाहायला आला.

शालिकराम माळ्याचा पोरगा. चार बुकं शिकून भगवंतरावांकडे कारकून झालेला. तिकडे विलायतेत कापसाचा दुष्काळ पडला होता आणि इकडे वऱ्हाडात जो तो वखार बांधत सुटला होता. मालक म्हणाले, "अकोल्याच्या वखारीचं दारबी तूच पाय. पन या बारीले चुकला, तं बापाच्या वांग्याले पानी घालाले जाय."

"मंग बाहेर उघडनारं करू, मालक."

"लक्ष्मीले बाहेर ढकलतं का रे?" मालकीण गोदाबाई आतून कडाडल्या. "माह्या दारी असं चालनार नाई!"

लाकडाचंही नको होतं. शेजारची वखार एका चिलमीनं राख केली होती.

चंद्रभान लोहारानं कपाळाला हात लावला. "आत नोको, बाहेर नोको. मंग दारच काहून पायजे तुले?"

अकोल्याला माप घ्यायला गेलेला शालिकराम नव्या स्टेशनच्या मालधक्क्यावर रेंगाळला, तर तिथल्या गोदामाचं दार खालच्या लोखंडी पट्टीवर चाकांनी, भिंतीला लागून बाजूला सरकत होतं. त्यानं ते सरकवलं, परत ओढलं, पुन्हा सरकवलं.

पहारेकरी ओरडला, "ओ भाऊ, माल न्याचा हाये का दार?"

"दार!" शालिकराम म्हणाला.

वखारीत खालच्या पट्टीत कापूस आणि माती अडकून चाकं रुततील, म्हणून त्यानं पट्टी दाराच्या वर घ्यायला लावली. चंद्रभाननं शिव्या देत देत दार टांगलं. वखार ठासून भरली. गोदाबाई खास अकोल्याला आल्या. बांगड्या मागं सारून त्यांनी एका हातानं दार लोटलं. दार गुरगुरत बाजूला गेलं आणि कापूस त्यांच्या पायांवर कोसळला.

"आली बाप्पा लक्ष्मी," त्या म्हणाल्या आणि हसत सुटल्या.

मालकांनी शालिकरामाच्या पाठीवर थाप मारली. "वांगे तुहा बाप पाहीन. तू वखार पाय."

चंद्रभान मात्र तिथून हलेना. दार पहिल्यांदा उघडलं की ज्यानं सांगून करवलं त्यानं लोहाराला पागोटं बांधायचं, असा रिवाज. शालिकराम कापडाच्या दुकानात जाऊन आला. वऱ्हाडचा सगळा कापूस आगबोटीनं विलायतेला गेलेला, आणि कापडाचा भाव ऐकूनच त्याला घाम फुटला होता.

"चंद्रभानदादा, कापड स्वस्त झालं का बांधतो."

"आनि तवरिक?"

"तवरिक... तुमाले टोपी लय शोभते."

"माह्यापाशी टोपी नाई," चंद्रभान म्हणाला, आणि उघड्या डोक्यानंच उन्हात चालू लागला.