लाल पेनने खोडलेलं घर

हे सगळं मला नीट आठवतंय का, याची खात्री नाही. निवृत्त माणसाकडे किस्से साचत जातात, आणि दर वेळी सांगताना तो स्वतःला थोडं शहाणं करून घेतो. मीही तसं करत असेन तर माफ करा.

आमची लहानशी संस्था मालवण किनाऱ्यावर पाच वर्षांखालच्या मुलांच्या घरी जायची. मारझोडीची वेळ येण्याआधीच आईबापांना हात द्यायचा, एवढंच काम. घरभेटी करायच्या फिलोमिनाबाई. त्यांच्या चुका काढायचो मी, बालमानसशास्त्राचा डॉक्टर! लोक मात्र मला खोकला दाखवायचे.

*

पहिल्याच घरी मी जमिनीवर मांडी घालून लाकडी ठोकळे रचायला घेतले. मुलाशी कसं खेळावं, याचं प्रात्यक्षिक! मूल केव्हाच अंगणात पळालं होतं. मी आपला रचतोच आहे. शेवटी त्या घरातल्या सासूबाईंनी फिलोमिनाबाईंना हळूच विचारलं, "गो, ह्यांका घराकडे कोण खेळूक घेणा नाय काय?"

*

मासेमारी करणाऱ्या एका तापट बापाला मी सांगितलं, राग आला की मोठ्याने दहापर्यंत आकडे मोजायचे, मगच बोलायचं. महिन्याने त्याची बायको म्हणाली, "डॉक्टरानू, आता हे 'एक' म्हणतत आणि चेडू दाराभायर पळता!"

मी खचलोच. इतकं शिकून मी एका मुलीला पळायला शिकवलं!

फिलोमिनाबाई मात्र खूश. "पळता मां? म्हणजे आता मार बसणा नाय!"

*

आमचा फॉर्म मी स्वतः बनवला होता. वीस प्रश्न. त्यातला एक, 'तुम्ही मुलाला मारता का?' सगळा किनारा 'नाही' म्हणायचा. मला त्याचा फार आनंद व्हायचा.

एकदा पाहतो तर फॉर्म पिशवीत, आणि फिलोमिनाबाई त्या घरच्या आईबरोबर परसात बसून बांगडे साफ करतायत! मी चिडलो. "बाई, हे आपलं काम नाही."

त्या मान वर न करता म्हणाल्या, "डॉक्टरानू, हात गुंतले काय ह्यो बायलो खरा बोलतत. कागद बघल्यार कोण बोलात?"

*

देवबागची सुनीता. नवरा बोटीवर नोकरीला, सहा-सहा महिने बाहेर. घरात ती आणि तीन वर्षांची मयुरी. घर लखलखीत, उत्तरं अचूक, चहाबरोबर बशीत बिस्किटं. वीसपैकी वीस! मी लिहिलं, 'भेटींची गरज नाही.'

बाहेर पडल्यावर फिलोमिनाबाई म्हणाल्या, "हय परत येवक व्हया. त्या चेडवान बिस्कूट घेवच्याआधी आवशीच्या हाताकडे बघल्यान."

"आईकडे बघून मगच घेते, संस्कार आहेत, बाई!" मी म्हणालो, आणि लाल पेनने ते नाव यादीतून खोडलं.

पुढे सोमवारच्या मीटिंगला त्यांच्या चपला वाळूने भरलेल्या असायच्या. मी टोमणा मारायचो, "रविवारी कुठे भटकता?"

"वारो खावक, डॉक्टरानू!"

वर्षाअखेरीच्या शेऱ्यात मी त्यांच्याबद्दल लिहिलं, 'शिस्त कमी.' तो कागद अजून माझ्याकडे आहे.

*

संस्था बंद पडली. फिलोमिनाबाईही गेल्या. बऱ्याच वर्षांनी कणकवलीच्या एका दवाखान्यात माझा रक्तदाब तपासणारी नर्स केसपेपरवरचं नाव वाचून एकदम म्हणाली, "तुम्ही घरभेटीवाले डॉक्टर ना? मी देवबागची मयुरी."

मी घाईने म्हणालो, "तुमचं घर अगदी उत्तम होतं!"

तिने पट्टा सोडला. "आई तेव्हा खूप मारायची मला. एकटी पडली होती. फिलोमिनाबाई दर रविवारी चर्चमधून थेट आमच्याकडे यायच्या. आईबरोबर भांडी घासायच्या, बोलत बसायच्या. हळूहळू थांबलं सगळं. मी शाळेत जाईपर्यंत येत होत्या."

माझा विश्वास बसेना. मुलं लहानपणीचं काहीबाही आठवतात, असं मीच कुठेतरी लिहिलं होतं. म्हणून पुढच्या आठवड्यात देवबागला जाऊन सुनीतालाच विचारलं.

"होय तर," ती म्हणाली. तिने बशीत बिस्किटं आणून ठेवली. "मी एकदा इचारलंय, बाई, सुट्टीच्या दिवशी कित्याक येतास? तर म्हणाली, 'डॉक्टरांनी धाडल्यानी माका. तुझ्या घराची लय काळजी आसा त्यांका.'"