मुकी आत्या

पंधरा वर्षं मी ऑर्केस्ट्रात बडबड विकली. कळव्यापासून कोपरपर्यंत हळदी, जयंत्या, गणपतीची मंडळं, जिथे बोलावतील तिथे दोन गाण्यांच्या मधे उभी राहून खाष्ट सासू करायची. माईक बंद पडला तरी शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू जाई, याचा मला भारी माज होता. मग सगळ्यांनी डीजे आणले आणि आमचं दुकान बसलं.

घोडबंदरला एका मालिकेत काम मिळालं, ते मुक्या आत्याचं. धक्क्याने वाचा गेलेली. वर्षभर मी डोळे वटारले, पदर तोंडात कोंबला, न बोलता पोळ्या लाटल्या. दिवा स्टेशनजवळच्या आमच्या खोलीत आई रोज टीव्हीसमोर बसायची. तिची नजर गेलेली, माणसं आवाजावरून ओळखते. मी मुकी झालेय म्हटल्यावर म्हणाली, "तुला मुकी केली? डोकं फिरलंय का त्यांचं?" तिच्यासाठी मी त्या मालिकेत नव्हतेच.

एक दिवस दिग्दर्शक म्हणाला, "ताई, पुढच्या आठवड्यात आत्याची वाचा परत येतेय." वाक्य होतं, 'सुनेने काही चोरलं नाही, मी बघितलंय.' चाळीत सगळ्यांना म्हणून दाखवलं, आईला सोडून. तिला ते टीव्हीतूनच ऐकवायचं होतं.

शूटिंगला मी 'सुनेने काही चोरलं नाही' म्हटलं, मान कॅमेऱ्याकडे वळवली आणि थांबले. स्टेजवर हशा ओसरेपर्यंत थांबावं लागतं, नाहीतर पुढचं बुडतं. अंगात भिनलेली खोड ती. त्यात माझा आवाज असा, की साउंडवाल्याने कानावरचे हेडफोन काढले.

"ताई, इथे कोणी हसणार नाहीये. साधं बोला ना," दिग्दर्शक म्हणाला.

साधं कसं बोलतात तेच मला येईना. सात वेळा केलं, सातही वेळा थांबले. शेवटी तो म्हणाला, "राहू दे, आवाजाचं नंतर बघू." मला वाटलं, थोडा कमी करतील.

एपिसोडच्या दिवशी आईला म्हटलं, "आज मी बोलणारे, नीट ऐक." तिने माझा हात धरला. पडद्यावर माझं तोंड उघडलं आणि कुणा तरुण पोरीचा नाजूक आवाज बाहेर आला. मला इतका संताप आला की रडू फुटलं, पण हूं की चूं केलं नाही, कारण आई अजून कान देऊन बसली होती. जाहिराती लागल्या.

"ही कोण पोरगी गं? छान बोलली," आई म्हणाली. "तू कधी येतेस?"

"येईन आता."

"मग आवाज जरा वाढव."