बादलीतला हिरवा रंग

आसपासच्या वाड्यावस्त्यांवर कुणाची मोरी तुंबली, मोटर हवा ओढायला लागली, की पहिला फोन पान्हेमामांना जायचा. हातात कायम पान्हा, म्हणून हे नाव पडलेलं; खरं नाव त्यांच्या बायकोलाही क्षणभर आठवावं लागे. गेली तीस वर्षं, जुन्या घरांचे नळ, विहिरी आणि सेप्टिक टाक्या हेच त्यांचं जग. काम करता करता ते उपदेशही करत. "टाकी म्हणजे म्हातारं पोट. पचेल तेवढंच द्या, चिंध्या-तेल ओतू नका." आणि ठरलेला विनोद: "विहीर नि टाकी म्हणजे सासू-सून. मधे अंतर असलं की दोघी सुखी!"

त्या दिवशी फोन त्यांच्या थोरल्या बहिणीच्या सुनेचा होता. तिची पाच वर्षांची मुलगी वर्षभरात तिसऱ्यांदा दवाखान्यात राहून आली होती. पोट, ताप, पुन्हा पोट. डॉक्टरांनी एकच विचारलं होतं, "पाणी कुठलं पिता?"

मामा पोचले तेव्हा ताईचा पारा चढलेला होता. "ऐकलंस का? सव्वीस वर्षं आम्ही याच विहिरीचं पाणी पितोय. आता म्हणे ते वाईट!"

"मी वाईट म्हटलं नाही, तपासू या म्हटलं," सून म्हणाली.

मामा हसले. "अगं, टाकी माझ्या हातची आहे. मी स्वतंत्र घेतलेलं पहिलं काम. पण तुझ्या मनात किंतू नको." त्यांनी पिशवीतून गळती शोधायची रंगाची पूड काढली, बादलीत कालवली आणि ते हिरवंगार पाणी संडासात ओतून दिलं. "हा रंग विहिरीत आला, तर मी पान्हा खाली ठेवीन. उद्या येतो. तोवर विहिरीचं पाणी बंद."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतः पोहरा सोडला. वर आलेलं पाणी बादलीत ओतलं आणि त्यांचा हात तसाच राहिला. पाणी हिरवट चमकत होतं. उन्हाचा खेळ असेल म्हणून त्यांनी बादली सावलीत नेली. रंग तसाच. पाणी फेकलं, पुन्हा काढलं. तिसऱ्यांदा काढलं. आडातच होतं, ते पोहऱ्यात येणारच.

सुनेनं मुलीच्या हातातला रिकामा पेला काढून घेतला.

"असं होणारच नाही," मामा पुटपुटत मागच्या अंगणात गेले. टाकीचं झाकण सरकवून ते लांब उभे राहिले, वायू निघून जाऊ दिला. मग बाहेर जाणाऱ्या पाइपात लवचीक सळई घातली. ती उताराकडे, शोषखड्ड्याकडे जायला हवी होती. ती वळली डावीकडे, विहिरीच्या बाजूला. त्या रेषेत ते पहार आपटत चालले. ठक, ठक, ठक... आणि एकदम पोकळ आवाज आला.

त्यांनी तिथली माती उकरली. मातीखाली फरशी होती आणि फरशीखाली जुना कोरडा आड.

विसरले होते म्हणावं तर तसंही नाही. आठवायची वेळच कधी आली नव्हती. तेव्हा ते पंचविशीतही नव्हते. शोषखड्डा खणताना हातभर खाली कातळ लागला. दोन दिवस घण मारून हात सोलले. मग हा आड दिसला. त्यांनी त्यात पाइप सोडला, वर फरशी टाकली, माती ओढली. पाणी जिरत होतं, भावोजींनी पाठ थोपटली होती. कातळाला भेगा असतात आणि त्या विहिरीपर्यंत जातात, हे ते पुढे कितीतरी लोकांना शिकवणार होते.

ते स्वयंपाकघराच्या दारात आले. "ताई, हे मीच केलंय."

ताई आधी हसली. भावाच्या थट्टेची सवय होती तिला. मग त्याचा चेहरा बघून ती पाटावर बसली. मामांनी सगळं सांगितलं.

"म्हणजे सव्वीस वर्षं आम्ही..." मग तिनं विचारलं, "ह्यांचं पोट शेवटपर्यंत धड नव्हतं. ते यामुळेच?"

भावोजींना जाऊन दोन वर्षं झाली होती. "माहीत नाही, ताई," मामा म्हणाले. आणि खरंच माहीत नव्हतं. कळायला आता काही मार्गही नव्हता.

त्याच दिवशी त्यांनी मोटर काढली, टँकर बोलावला, टाकी उपसून घेतली, आडाकडचा पाइप कापून बुजवला. मग उताराला, विहिरीपासून लांब, नवा शोषखड्डा खणायला घेतला. तिथंही कातळच होता. नऊ दिवस त्यांनी तो फोडला. ताई बोलत नव्हती. जेवणाचं ताट सून आणून ठेवायची. विहीर उपसून, औषध टाकून पाणी तपासायला पाठवलं. दोनदा नापास झालं. तिसऱ्यांदा निकाल चांगला आला, तरी सून पाणी उकळूनच देत राहिली. मुलीचं पोट हळूहळू सुधारलं.

निकाल आला त्या दिवशी मामा ओट्यावर बसून होते. ताई बाहेर आली. "आणखी कुठं केलंस असं?"

मामांनी मान खाली घातली. "एका घरी. त्याच वर्षी. पुलापलीकडच्या मास्तरांकडे."

"सांगितलंस?"

"तीनदा फाटकापर्यंत जाऊन आलो."

ताई आत गेली आणि चपला घालून बाहेर आली. "चल. तू एकटा गेलास तर गुळमुळीत बोलशील."

मास्तर थकले होते. त्यांनी दोघांना बसवलं, पाणी मागवलं. त्यांची बायको दोन तांबे भरून घेऊन आली.

"वहिनी, ते पाणी खाली ठेवा," ताई म्हणाली. "माझ्या भावाला तुम्हाला काहीतरी सांगायचंय."