भिशीतला पहिला नंबर

शेवंतीच्या आधी मला तिच्या कुबड्या दिसल्या. फॉल लावायची साडी घेऊन मी जेसल पार्कमधल्या आमच्या समोरच्या इमारतीचा जिना चढत होते. वरून धडधडत दोन कुबड्या घसरत आल्या आणि मागून आवाज आला, "बाजूला व्हा, गाडी येतेय!" मग एक बाई बसल्या बसल्या, हातांवर भार देत, एकेक पायरी उतरत आली. गळ्यात साड्यांची पिशवी.

"पडलात का?" मी घाबरून विचारलं.

"न्हाय बाई, ही माजी लिफ्ट हाय." बसून उतरण्याला ती सगळ्यांसमोर असंच म्हणायची.

राई गावात वाढलेली शेवंती आता पंचेचाळिशीची आहे. पोलिओ झाला तेव्हा ती दोन वर्षांची होती. जवळचं कोणी उरलेलं नाही. वरच्या मजल्याला भाडं कमी, म्हणून ती तिसऱ्यावर राहायची. दिव्यांगांची पेन्शन आणि साड्यांचं फॉल-बिडिंग यांवर तिचं भागत होतं. पेन्शन कधी पाच तारखेला यायची, कधी पंचवीसला. साडी मात्र सांगितल्या दिवशी तयार असायची.

गेल्या वर्षी मे महिन्यात त्या इमारतीवर धोकादायक असल्याची नोटीस लागली. आठ दिवसांत घरं रिकामी करायची होती. सगळे भाडेकरू जागा शोधायला धावले, आणि सगळ्यांच्या आधी जागा सापडली ती शेवंतीला! गोडदेवला तळमजल्यावर एक खोली, दारात रिक्षा येईल अशी. तिचा फोन आला तेव्हा ती धापा टाकत होती. "बाई, जिना न्हाय! एक पन पायरी न्हाय!"

डिपॉझिट पस्तीस हजार. तिच्याजवळ अकरा होते. घरमालकाने रविवारी संध्याकाळी सहापर्यंत थांबायचं कबूल केलं. त्यानंतर दुसरं गिऱ्हाईक तयार होतं.

आम्ही दोघी फिरलो. बँकेने पगाराची स्लिप मागितली. महापालिकेत दिव्यांगांसाठीच्या मदतीची चौकशी केली, तर खिडकीवरच्या मुलीने अर्ज नीट भरून घेतला आणि खरं ते सांगितलं, "मावशी, मंजुरीला महिना तरी धरा." मी निवृत्त शिक्षिका; माझे काही पैसे देऊ केले. शेवंती म्हणाली, "तुमची पेन्शन तुमच्या औषधांना ऱ्हाऊ दे."

आमच्या इमारतीत हंसाबेन भिशी चालवतात. दर महिन्याला बारा जणी दोन-दोन हजार भरतात आणि चिठ्ठी निघेल ती सगळी रक्कम नेते. नवी भिशी त्याच रविवारी चार वाजता सुरू होणार होती. हंसाबेनना शेवंतीची अडचण कळल्यावर त्या मला म्हणाल्या, "टीचर, आपण वर्गणी काढू. बिचारी."

हा निरोप मी शेवंतीला दिला. ती भडकलीच. "वर्गणी नको. मला भिशीत घ्या. तेरावी. आन पयला नंबर मला द्या."

अडचण असेल तिला चिठ्ठी न काढता नंबर देता येतो, पण सगळ्यांचा होकार लागतो. एक जरी नाही म्हणाली तरी चिठ्ठ्या.

रविवारी ती स्वतः हंसाबेनकडे आली. बारा जणींसमोर कुबड्या आडव्या ठेवून बसली आणि मागणं मागितलं. पहिल्या मजल्यावरची उर्मिला लगेच म्हणाली, "पेन्शनवर भिशी? उद्या पैसे थांबले तर आम्ही कोणाच्या दारात जायचं?"

"माज्या दारात," शेवंती म्हणाली. "तलमजला हाय, चढायला नको."

सगळ्या हसल्या. उर्मिला हसली नाही. घड्याळात पाच वाजत आले होते.

"तुमच्या अनुष्काच्या लग्नाच्या साड्या किती होत्या?" शेवंतीने विचारलं.

"अकरा."

"कधी मिलाल्या?"

"आदल्या दिवशी सकाळी. सांगितल्याप्रमाणे."

"तवा मला चार दिवस ताप होता. तुमाला सांगितला न्हाय."

"बोलो बेन, कोणाची ना आहे?" हंसाबेननी विचारलं. उर्मिलाने पुढे वाकून चिठ्ठ्यांचा डबा उचलला. तिने झाकण लावलं, डबा मागे सरकवला आणि स्वतःचे दोन हजार सगळ्यांच्या आधी शेवंतीच्या मांडीवर ठेवले. "आता लिफ्टने नको जाऊस. रिक्षा आणते."

पाच-वीसला आम्ही तिघी रिक्षात होतो, कुबड्या बाहेर डोकावत होत्या. "भैया, भगाओ!" शेवंती ओरडत होती. "भाभी, ये हवाई जहाज नहीं है," रिक्षावाला म्हणत होता, पण पळवत होता. फाटकापाशी रिक्षा अडली तेव्हा उर्मिला खाली उतरून पुढच्या टेम्पोवाल्याशी भांडून आली.

पावणेसहा. घरमालक दारातच उभा होता. त्याने पैसे मोजले, किल्ली दिली. रिक्षातून उतरून शेवंतीने कुबड्या टेकल्या आणि ती सरळ आत गेली. मागे वळून म्हणाली, "बाई, किती लवकर आलं घर!"

उरलेले बाराही हप्ते तिने वेळेवर भरले. शेवंती अजून गोडदेवलाच राहते आणि रोज सकाळी भाजी स्वतः बाजारात जाऊन आणते.