खाली न घातलेली मान

मला बघायला पाहुणे आले तेव्हा मी छपराच्या पत्र्याकडे बघत बसले होते. मला लाज नव्हती असं नाही. उलट सगळी लाज नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबली होती, आणि मान जरा खाली घातली असती तर ती पोह्यांच्या ताटलीत पडली असती.

माहेरी, कुंभारी गावात, आमच्या दारात शेरडं, पलीकडे कडब्याची गंज. माझं नाक बारा महिने वाहायचं. धूळ उडाली की शिंका, शिंका थांबल्या की नाक बंद. आई ओव्याची पुरचुंडी हुंगायला द्यायची, तेवढाच उपाय. पण बघायला आल्यावर पोरीनं मान खाली घालून बसायचं, ही रीत. माझ्या नाकाला रीतभात कुठली?

"पोरगी लई धीट दिसती की," मुलाची आत्या म्हणाली. "पत्रं मोजतीस व्हय गं?"

"खाली बघ की," आईनं चिमटा काढला.

खाली बघायच्या ऐवजी मी नाक जोरात वर ओढलं. तो आवाज बाहेरच्या शेरडांनीसुद्धा ऐकला असेल. मुलगा तेवढा हसला नाही. एवढ्यावर मी त्याला पसंत केलं!

लग्न झालं. आत्याबाई मला 'पत्रंवाली' म्हणायच्या, ते चाललं. कुणी शेंबडी म्हणू नये, एवढंच मला हवं होतं. म्हणून नवी पेठेतल्या औषधाच्या दुकानातून नाकात घालायचे थेंब आणले. काय जादू! क्षणात नाक मोकळं. मग बाटली कायम कमरेच्या बटव्यात. न्हाणीत जाऊन तोंड वर करायचं, थेंब सोडायचे आणि बाहेर येऊन राणीसारखं मिरवायचं. येडी कुठली! पुढं थेंबांवाचून झोप येईना. नवऱ्यालासुद्धा कधी कळू दिलं नाही, आणि तो गेलासुद्धा.

परवा नात मला कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

"आजी, मूळ दुखणं धुळीच्या ॲलर्जीचं," बाई म्हणाल्या. "पण आता नाक चोंदतं ते या थेंबांमुळंच. हे थोडेच दिवस घालायचे असतात. तुम्ही कधीपासून घालताय?"

"कधीमधी."

"कधीमधी?" नात म्हणाली. "मग उशीखालच्या बाटल्या मांजराच्या का गं, आज्जी?"

माझे कान तापले. "लग्न झाल्यापासून," मी पुटपुटले. बाई हसल्या नाहीत. त्यानं आणखीच मेल्यासारखं झालं.

थेंब हळूहळू सोडायचे, रोज एक वेगळा फवारा मारायचा आणि उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्यानं नाक धुवायचं, असं ठरलं. सकाळी नात बेसिनपाशी माझ्या शेजारी उभी राहिली. एका नाकपुडीतून पाणी आत, दुसरीतून सगळं बाहेर. तिच्यादेखत. मी पदर शोधू लागले.

"पदर राहू दे. मान खाली घाल, आज्जी. आणखी खाली. वर बघायचं नाही."

नाही बघत, बाई. पत्रे मोजून झालेत माझे.