खालच्याचा शब्द

जिन्यावरून कपाट चढवताना खालच्याने बोलायचं आणि वरच्याने ऐकायचं, हा सामान हलवणाऱ्यांचा कायदा. वजन खालच्यावर येतं, म्हणून शब्द त्याचा. ‘उचल’ म्हटलं की उचलायचं, ‘टेकव’ म्हटलं की टेकवायचं. एरवी घर पेटलं तरी वरच्याने पाय हलवायचा नाही.

पहार जन्मभर खाली लागला. अंगाने सरळ आणि वाकायला नाखूष, म्हणून नाव पडलं पहार. वर असायचा मेहुणा, त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ. एका लोखंडी तिजोरीने दोघांचीही कंबर धरली. दोघं एकाच डॉक्टरकडे गेले आणि सारख्याच कडक गोळ्या घेऊन आले.

गोळी घेतली की पहारला कंबर आहे की नाही तेच कळेना. तो शेजाऱ्यांशी गोड बोलायला लागला. बायकोला धडकी भरली. मेहुण्याला मात्र काडीचा फरक नाही.

“भाऊजी, माझ्या गोळीचा गुणही तुम्हालाच लागतोय,” मेहुणा म्हणाला. “कपाटातून घसरत खाली येत असणार.”

“मग वजन का घसरत नाही तुझ्याकडे?”

“माझ्याकडे गोळ्या वायाच जातात. तुम्हीच घ्या.”

ज्याला झेपतं त्याने जास्त उचलायचं, हीही धंद्यातली रीत. पहारने त्या सकाळी दोघांच्या वाटणीच्या गोळ्या घेतल्या आणि कामावर गेला.

कपाट चढवताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तो ‘थांब’ म्हणाला, आणि पुढे बोललाच नाही.

मेहुणा थांबला. हात भरून आले. वरून कपाटाची मालकीण डोकावली.

“काय झालं?”

“शब्द आला नाही.”

“अहो, तो झोपलाय.”

“झोपला तरी खालचा तोच आहे.”

पहार भिंत आणि कपाट यांच्यामध्ये पाचर मारल्यासारखा उभा होता. खांद्यावर पट्टा, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर साऱ्या जगाला माफ केल्याचं हसू. तो घोरत होता. घोरणं ऐकू येतंय तोवर माणूस कामावर आहे, असा मेहुण्याने हिशेब केला. मग घोरण्यात खंड पडू लागला. एक श्वास, आणि नंतर बराच वेळ काहीच नाही. मेहुण्याने मान लांब करून पाहिलं. भाऊजींचे ओठ निळे पडले होते.

सोडावं तर कपाट त्यांच्या अंगावर. वाट पाहावी तर श्वास जायचा. मेहुण्याने जन्मात केलं नव्हतं ते केलं. वरून म्हणाला, “टेकव.”

पहारने झोपेतच गुडघे वाकवले, पाठ ताठ ठेवली आणि कपाट असं टेकवलं की आतला हँगरही वाजला नाही. मग तिथेच कोसळला.

दवाखान्यात सुई टोचल्यावर श्वास ताळ्यावर आला. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, “ही गोळी म्हणजे कच्चा माल. तिचं खरं औषध बनतं ते लिव्हरमध्ये. यांचं लिव्हर घाईचं, सगळा माल एकदम बनवून रक्तात सोडतं. त्यात यांनी दुप्पट घेतल्या. श्वासच थांबत आला होता.”

“आणि माझं?” मेहुण्याने विचारलं.

“तुमचं लिव्हर हे काम जवळजवळ करतच नाही.”

“लहानपणापासून तसाच आहे तो,” धावत आलेली पहारची बायको भावाबद्दल म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. “आणि यांचं लिव्हर एवढं चपळ, तर पाणी भरायच्या वेळी कुठे जातं?”

पहारने डोळे उघडले. “कपाट?”

“जिन्यात आहे. लोक अंग चोरून जातायत.”

“टेकव कोण म्हणालं?”

“मी.”

पहारने उशीवरून मान उचलली. “वरच्याने बोलायचं नसतं.”

“नाही बोलणार परत.”

“विचारायला हरकत नाही,” पहार म्हणाला.

धरलेली कंबर सुटल्यावर दोघं त्याच वळणावर गेले. आता प्रत्येकाचं औषध वेगळं, ज्याचं त्याच्या खिशात. कपाटाच्या दारावर कुणीतरी ओला टॉवेल वाळत घातला होता. तो बाजूला करून पहार खाली लागला, मेहुणा वर.

“भाऊजी, काय घेतलंय आज?”

“माझंच.”

“जागे आहात?”

“उचल,” पहार म्हणाला.