सत्तावीस मार्कांचा माणूस

“ही इज द बॉटम, सर. बिलो हिम देअर इज नथिंग.”

दामले साहेबांनी गोऱ्या साहेबाला हे सांगितलं तेव्हा त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. समोर एकतीस वेल्डर बाकांवर बसलेले. मी पेन्सिलींचा डबा घेऊन उभा. खरं सांगतो, पहिल्या क्षणी मला बरं वाटलं. एवढा मोठा माणूस चारचौघांत माझ्या खांद्यावर हात ठेवतो, एवढंच डोक्यात शिरलं. इंग्रजीचा अर्थ मागून आला. अर्थ कळला तेव्हा तो हात तापलेल्या तव्यासारखा वाटायला लागला, पण मी खांदा काढून घेतला नाही. उलट हसलो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

ऐंशी-एक्याऐंशीचा काळ. बहरीनला अस्करच्या बाजूला आमचं यार्ड होतं. मोठमोठ्या लोखंडी टाक्या जोडायचं काम. मी खेड तालुक्यातला, एस.एस.सी. झालेला, टायपिंगच्या दोन परीक्षा पास. यार्डाच्या ट्रेनिंग शेडमध्ये क्लार्क होतो. स्टेन्सिल कापायची, सायक्लोस्टाइल मशीन फिरवायची, कागद जुळवायचे, वर साहेबांचा चहा.

दामले साहेब माझे वरिष्ठ, त्यांच्यावर यार्डाचा मॅनेजर, तो गोरा साहेब. पुण्याचे. राहायला उम्म अल हस्समला, चांगल्या फ्लॅटमध्ये. पहिल्या दिवशी त्यांनी माझं आडनाव विचारलं. आडनावावरून त्यांना नक्की काही लागेना. मग विचारलं, “गावात घर कुठल्या अंगाला?”

मी सांगितलं. झालं. त्या दिवसापासून त्यांनी माझ्याशी मराठी बोलणं सोडलं. बाकी मराठी माणसांशी गप्पा, थट्टा, दिवाळीच्या फराळाचं आमंत्रण. माझ्याशी फक्त इंग्रजी, तेही दोन-दोन शब्दांत. पाण्याचा ग्लास वेगळा ठेवायची तिथे सोय नव्हती, म्हणून त्यांनी भाषा वेगळी ठेवली.

तर परीक्षेची गोष्ट. विमावाल्यांनी कंपनीच्या मागे टुमणं लावलं होतं, की ज्याला इंग्रजी वाचता येत नाही तो माणूस टाकीत उतरवू नका. मग इंग्लंडहून एक छापील परीक्षा आली. पन्नास प्रश्न. तीस शब्दांचे अर्थ, वीस प्रश्न उताऱ्यांवर. प्रत्येकाला चार उत्तरं, बरोबर असेल त्यावर खूण करायची. तपासायला एक भोकं पाडलेला पुठ्ठा. तो उत्तरपत्रिकेवर ठेवायचा आणि भोकांतून जेवढ्या खुणा दिसतील तेवढे मार्क. चुकीच्या खुणा पुठ्ठ्याखाली झाकल्या जायच्या. त्या कुणी मोजायचं नाही.

ही परीक्षा होती तैवानहून आलेल्या वेल्डरांसाठी. चिनी बोलणारी माणसं. काम असं की शिवण कुठे आहे ते बोट फिरवून कळू नये. इंग्रजी मात्र बेताचं. जो नापास होईल त्याचा व्हिसा रद्द, पुढच्या विमानाने घरी.

आता पास किती मार्कांना? ते इंग्लंडहून लिहून आलं नव्हतं. दामले साहेबांनी डोकं चालवलं. परीक्षेच्या आठवडाभर आधी त्यांनी मला बाकावर बसवलं, पेपर दिला, घड्याळ लावलं. मला वाटलं, प्रमोशन असेल. मी जीव तोडून सोडवला. सत्तावीस मार्क पडले. त्यांनी आकडा डायरीत लिहिला आणि डायरी मिटली.

म्हणून ते त्या दिवशी माझा खांदा धरून उभे होते. जो ह्याच्याही खाली जाईल तो कंपनीच्या काय कामाचा, असा त्यांचा हिशेब. गोऱ्या साहेबाने मान डोलावली. सत्तावीस.

एकतीसपैकी बावीस वेल्डर माझ्या खाली आले.

पुठ्ठा ठेवून मीच तपासले. एकेक कागद बाजूला पडत गेला. बावीस नावांची यादी मीच टाइप केली. सहीला ठेवायची ती दोन दिवसांनी, गोरा साहेब दुबईहून परतला की.

दुपारी वेल्डिंग शॉपचे फोरमन हसनभाई शेडमध्ये आले. रत्नागिरीचे. वीस वर्षं आखातात काढलेला माणूस. सहसा आवाज चढवायचे नाहीत. त्या दिवशी दारातूनच ओरडले.

“काय रे, माझी माणसा घरी धाडतोस होय? बावीस जणा! तुझ्या मार्काखाली आली म्हणून?”

“मी नाही पाठवत, हसनभाई. दामले साहेब...”

“मार्क कुणाचे?”

मी पुठ्ठा उचलून बाजूला ठेवला.

“तुझे ना? मग तूच धाडतोस.” टेबलावर हात आपटला आणि गेले.

मला राग त्यांचाच आला. म्हटलं, माझी काय चूक? मला बसवलं, मी बसलो. पण वाक्य डोक्यातून जाईना. गावात आमच्या लोकांना हेच करायला लावत. वेशीवर कुणाला अडवायचं असेल तर पुढे आम्हाला उभं करायचं. काठी आमच्या हातात, हुकूम त्यांचा, शिव्या आम्हाला.

मी ते बावीस कागद पुन्हा काढले. या वेळी पुठ्ठा न ठेवता पाहिले.

कागद कोरे होते. म्हणजे अर्धेअधिक. लिन नावाचा एक वेल्डर होता, चाळिशीचा, कमी बोलणारा. त्याने पन्नासपैकी फक्त बावीस प्रश्नांवर खूण केली होती. त्यातले एकवीस बरोबर. बाकी अठ्ठावीस प्रश्न तसेच सोडलेले. दुसऱ्याचा कागद तसाच. तिसऱ्याचा तसाच. जिथे खूण, तिथे बहुतेक बरोबर. जिथे येत नाही, तिथे कोरं.

आणि माझा कागद? एकही जागा कोरी नाही. पन्नासच्या पन्नास खुणा. एक उतारा होता, कुणा बाईचा कुत्रा चर्चच्या बागेतल्या जत्रेत हरवतो आणि पाद्री मनातल्या मनात हसतो. प्रश्न काय, तर पाद्री का हसला. मला काय माहीत का हसला! मी ‘क’ वर खूण केली आणि पुढे गेलो. शाळेत आम्हाला हेच शिकवलं होतं, रिकामं सोडू नका, काहीतरी ठोका. मला खरोखर येत होते अठरा. नऊ तुक्क्यात लागले. तेवीस चुकले, ते पुठ्ठ्याखाली लपले.

लिनला माझ्यापेक्षा तीन जास्त येत होते. तो खाली, मी वर.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी लिनला गाठलं. त्याचा कागद पुढे धरला आणि कोऱ्या जागांवर बोट ठेवलं. “व्हाय नो मार्क?”

त्याने कागद पाहिला, मला पाहिलं. मग खिशातून लोखंडी ठसा काढला. आमच्या यार्डात प्रत्येक वेल्डरला एक नंबर असायचा. जोड पुरा झाला की शेजारी हातोडीने आपला नंबर ठोकायचा. उद्या टाकी फुटली तर कुणाचा जोड ते कळतं. लिनने तो ठसा त्या कोऱ्या जागेवर टेकवला आणि मान हलवली.

“नो माय वेल्ड, नो माय नंबर.”

एवढंच बोलला. जे आपण केलेलं नाही त्यावर आपला नंबर मारायचा नाही. बावीसही जण तसेच बसले होते, येत नाही तिथे हात आवरून. आणि ह्याच गोष्टीपायी त्यांना घरी पाठवणार होते. मी, बत्तीस ठिकाणी खोटा नंबर ठोकणारा, त्यांचं माप ठरलो होतो.

मला त्या माणसांची दया आली असं मी म्हणणार नाही. मला सूड हवा होता. सरळ सांगतो. दामलेंना त्याच बाकावर, त्याच पेन्सिलीने, त्याच पुठ्ठ्याखाली बसलेलं मला बघायचं होतं.

मी हसनभाईंकडे गेलो. सगळं सांगितलं. त्यांनी लिनच्या कागदावरच्या कोऱ्या जागा बोटाने मोजल्या. मग म्हणाले, “मी सांगतो, तू टाइप कर.”

पंचवीस प्रश्न काढले. सगळे टाकीतले, सिलिंडरचे, यार्डात भिंतींवर लावलेल्या सूचनांमधले. इंग्रजीतच. चार-चार उत्तरं. नवा पुठ्ठा मी कापला, भोकं मी पाडली.

गोरा साहेब आला. यादी सहीला ठेवली. हसनभाई आत शिरले आणि म्हणाले की माझी बावीस माणसं जाणार असतील तर माझी एक विनंती आहे, परीक्षा घेणाऱ्यांनी माझा पेपर सोडवावा, माझ्या माणसाबरोबर बसून. गोऱ्याला गंमत वाटली. दामलेंकडे वळून म्हणाला, “व्हाय नॉट?”

दामले नाही कसे म्हणणार? हसत बसले. इंग्रजीचा पेपर म्हटल्यावर घाबरायचं काय! बावीस जणांतर्फे लिन बसला. मीही बसलो; भोकं मीच पाडलेली, तरी मुळात जे येत होतं तेवढ्यावरच खूण केली. दामलेंनी दहा मिनिटांत पेन्सिल खाली ठेवली आणि माझ्याकडे बघून भुवया उडवल्या.

मी कागद गोळा केले. पुठ्ठा ठेवला. लिन तेवीस. दामले अकरा. मी नऊ.

“सो हीज स्टिल द बॉटम,” दामले म्हणाले. गोरा हसला.

“सर,” मी म्हटलं. त्या शेडमध्ये मी आपणहून बोललो असा तो पहिला दिवस. “नाऊ आय रीड राँग आन्सर्स.”

पुठ्ठा उचलला आणि मोठ्याने वाचलं. लिन, दोन कोरे, चूक एकही नाही. मी, सोळा कोरे, चूक एकही नाही. दामले साहेब, कोरा एकही नाही. चूक चौदा.

मग एकेक चूक वाचली. ऑक्सिजनच्या सिलिंडरचा आटा घट्ट बसला तर काय लावाल? साहेबांची खूण, तेल. हसनभाई म्हणाले, “ब्लास्ट, सर.” टाकीत गुदमरायला झालं तर काय सोडाल? साहेबांची खूण, ऑक्सिजन. “फायर, सर. ऑल बर्न.” टाकीत माणूस बेशुद्ध पडला तर आधी काय कराल? साहेबांची खूण, उतरून बाहेर काढू. “टू डेड, सर.”

दामलेंना त्यातला प्रत्येक शब्द वाचता येत होता. पाद्री का हसला तेही त्यांना येत असणार. मी वाचत गेलो, सावकाश, एकही चूक सोडली नाही. त्यांचा चेहरा उतरत गेला आणि मला गोड लागत गेलं. मी थांबू शकलो असतो. तीन चुका पुरेशा होत्या. मी चौदा वाचल्या.

गोऱ्याचं हसू कधीच थांबलं होतं. त्याने यादी उचलली, फाडली नाही, खिशात घातली. “नोबडी गोज,” म्हणाला. हसनभाई दाराकडे वळून म्हणाले, “यल्ला, कामाला लागा.”

चार दिवसांनी दामलेंनी मला केबिनमध्ये बोलावलं. दार लावलं. टेबलावर एक टाइप केलेला कागद होता. त्यात लिहिलं होतं की हसनभाईंचा पेपर मी वेल्डरांना आधीच दाखवला होता. खाली माझ्या सहीची जागा. सही झाली की सगळं रद्द, बावीस जण पुन्हा यादीत.

“बस ना,” दामले म्हणाले. मराठीत. “अरे, आपण एका भाषेची माणसं. परक्यांसाठी कशाला आपसात? सही कर, तुझी नोकरी शाबूत. नाहीतर तुझ्या व्हिसाचं काही मला सांगता येणार नाही.”

दीड वर्षानंतर त्यांच्या तोंडून पहिलं मराठी वाक्य. केवढं गोड बोलत होते.

“साहेब,” मी म्हटलं, “मी आज मराठी कसा काय झालो?”

त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. घरी आई होती, दोन बहिणी लग्नाच्या होत्या, हे सगळं त्या कागदाबरोबर माझ्यापुढे सरकलं. मी पेन उचललं. सहीच्या जागेवर आडवी रेघ मारली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि कागद परत सरकवला.

आठवड्याभरात माझा व्हिसा रद्द झाला. लिन आणि त्याची माणसं राहिली. मुंबईला उतरून घरी गेलो तेव्हा आई रडली. मी तिला कारण सांगितलं नाही, तिला ते पटलं नसतं. वर्षभराने हसनभाईंचं पत्र आलं की दामले तिथेच आहेत, मोठ्या खुर्चीत, आणि फिलिपिनो माणसांसाठी नवी परीक्षा काढतायत.

लोक मला म्हणतात, झालं गेलं, आता सोडून द्या. मी सोडलेलं नाही. सोडणारही नाही. मी आता इथे मुंबईच्या गोदीत कामगारांच्या युनियनमध्ये आहे, आणि दर दोन-चार वर्षांनी कुठला तरी दामले कुठली तरी परीक्षा घेऊन येतोच. आला की मी त्याच्याशी वाद घालत नाही. खुर्ची ओढतो, त्यालाच बसवतो, आमच्या कामाचा पेपर पुढे ठेवतो आणि दार आतून लावून घेतो. तो उठेपर्यंत माझा एकही माणूस परीक्षेला बसत नाही.